चाळिशीत तालमीची माती: कोल्हापूरच्या तालमी नवख्याला काय देतात

अपयश पचवायला शिकवणारी दोन दिवसांची शिबिरं आता सगळीकडे भरतात. पैसे तिथं भरायचे की पेठेतल्या तालमीत वर्गणी द्यायची, असा प्रश्न कोल्हापुरातल्या माणसाला पडला तर आमचा कौल तालमीला. हरल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे तालमीत रोज संध्याकाळी करून घेतात. शिबिरात ते फक्त बोलतात.

हा आढावा एका तालमीचा नाही. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातले तीन दिवस देऊ शकणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या नवख्याला लाल मातीची तालीम काय देते, काय देत नाही आणि कुठं अंगाशी येते, एवढंच इथं बघितलंय. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिथं बाहेरगावची पोरं मुक्कामाला राहून मेहनत करतात, आणि त्यांचा दिवस पहाटे चार-साडेचारला सुरू होतो. नोकरदारानं आधी आपल्या आसपासची लहान तालीम गाठावी आणि वस्तादांना सरळ विचारावं, की मोठ्या वयाच्या नवख्याला घेता का. काही ठिकाणी नाही म्हणतील. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कोल्हापुरात पाटीवर 'तालीम' लिहिलंय म्हणजे आत कुस्ती चालते असं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळं गावाला माहीत आहेत ती फुटबॉलमुळं. कित्येक मंडळांचं मुख्य काम गणेशोत्सव आणि पेठेतली मदत. तेव्हा पाटी बघून नाव नोंदवू नका, आत जाऊन हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची मातीची जागा, बघा.

हौद्यातली माती चाळून, खडे काढून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव (तांबडी माती) असं काय काय घालतात. प्रमाण ज्या त्या तालमीचं वेगळं. उद्देश एकच, माती मऊ राहावी आणि ओल धरून राहावी. परवानगी घेऊन मूठभर माती उचला आणि दाबा. लाडवासारखी वळली आणि बोट लावल्यावर फुटली, तर ओल बेताची आहे. तळहाताला चिकटून बसली तर पाणी जास्त झालंय. अशा मातीत पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. मुठीतून धूळ उडाली तर त्या हौद्यात पडताना कोपराची साल निघणार आणि छातीत धूळ जाणार. मग टाच रोवून बघा. वर मऊ आणि चार बोटं खाली घट्ट लागलं, तर तिथं रोज उकरणी होत नाही. अशा जागी पडायला शिकू नये. वस्तादांचं नाव कितीही मोठं असलं तरी.

नवख्याच्या हातात पहिल्यांदा येतं ते खोरं. लढतीआधी हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, मग जड फळीवर एखाद्या पोराला बसवून ती ओढत माती सारखी करायची. पैसे भरून आलेल्या माणसाला हे हमालीचं वाटतं आणि बरेच जण पहिल्याच आठवड्यात इथं कंटाळतात. पण पंधरा मिनिटं खोरं चालवलं की आपला दम कुठं संपतो ते नेमकं कळतं. मनगट, कंबर आणि खांदे एका लयीत आणल्याशिवाय खोरं चालतच नाही. गुडघे ताठ ठेवून नुसती पाठ वाकवली तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते. गुडघे थोडे मोडा, वाका ते खुब्यातून, आणि माती बाजूला टाकताना कमरेतून पीळ न देता पाऊल वळवा.

यानंतरचे तीन महिने लढत नाही. तालमीच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा आम्हाला हाच वाटतो. घाई करायची मुभाच नसते. जोर (म्हणजे दंड), बैठका, दोरावर चढणं, पडायला शिकणं, आणि हौद्याच्या कडेला बसून दुसऱ्यांच्या लढती बघणं, एवढंच. पण इथं नवख्यानं आपली मोजणी आपण ठेवायला हवी, कारण शेजारी हजार बैठका मारणारा विशीतला पठ्ठ्या असतो आणि त्याच्याकडे बघून अंगात येतं.

चाळिशीतल्या, आजवर बसून काम केलेल्या माणसाला आम्ही हे प्रमाण सुचवू: पहिल्या आठवड्यात दिवसाला १० जोरांचे दोन फेरे आणि २० बैठकांचे दोन फेरे, तेही एक दिवसाआड. पुढं दर आठवड्याला एकूण ५ जोर आणि १० बैठका वाढवा. बाराव्या आठवड्यात तुम्ही ७५ जोर आणि १५० बैठकांवर येता. ऐकायला कमी वाटतं, पण इतक्यात सांधे टिकतात. बैठकीत गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू द्या, आत कलू देऊ नका. जोर मारताना श्वास कोंडू नका, कोंडला की रक्तदाब उसळतो. रक्तदाब, हृदय किंवा मणक्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खोऱ्यालाही हात लावू नये.

पहिल्याच दिवशी पैजेवर पाचशे बैठका मारणारे महाभाग दर तालमीला माहीत असतात. याचा परिणाम नुसत्या पायदुखीवर थांबेल असं नाही. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम एवढा भार पडला तर त्यांचे तंतू फुटतात, त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चोळून घेत घरी बसायचं नाही.

पडायला शिकणं हे वेगळं कसब आहे आणि चांगली तालीम त्याला दोन-तीन आठवडे देते. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. श्वास सोडत पडायचं. पडताना हात सरळ मागं टेकवायचा नाही. नवख्यांची मनगटं, कोपरं आणि गळ्याजवळची हाडं जातात ती याच सवयीनं, कारण सगळं वजन एका ताठ हातावर येतं. आधी उकिडवं बसून मागं लोळायचं, मग अर्धवट वाकून, मग उभ्यानं, आणि शेवटी जोडीदारानं सावकाश खाली घेतल्यावर. ज्या तालमीत हा टप्पा गाळून थेट लढतीला उभं करतात, तिथून नवख्यानं नम्रपणे निघावं.

साधारण चौथ्या महिन्यात पहिली हलकी लढत मिळते. तुम्ही पडणार. आठवड्यातल्या प्रत्येक लढतीत पडणार. इथून पुढं तालीम काय करते, त्यावर या सगळ्या खटाटोपाची किंमत ठरते.

एक उदाहरण सविस्तर बघू. नवखा एकेरी पट काढायला, म्हणजे खाली शिरून समोरच्याचा एक पाय धरायला जातो आणि उलटा चीत होतो. उठून अंग झटकत तो हमखास म्हणतो, "ताकद कमी पडली." जाणता वस्ताद त्याला तिथंच थांबवतो आणि लढत मागून पुढं उलगडायला लावतो. पाठ मातीला लागली, त्याच्या आधी काय झालं? समोरच्यानं दोन्ही पाय मागं फेकले आणि कमरेचं वजन मानेवर टाकलं. त्याला ते जमलं कसं? याचं डोकं खाली गेलं होतं, नजर मातीत होती. डोकं खाली का गेलं? पट लांबून काढला, हात पुढं गेले आणि पाय मागंच राहिले. लांबून का काढला? कारण त्याआधी डावं मनगट समोरच्याच्या पकडीत होतं आणि ते सोडवायची घाई झाली. म्हणजे कुस्ती गेली ती मनगट दिलं तेव्हा. पाठ लागण्याच्या कितीतरी आधी. या साखळीत ताकदीचा संबंध कुठंच आला नाही.

मग त्याच जागी, त्याच जोडीदाराबरोबर, निम्म्या वेगानं तेच पुन्हा. जोडीदार मनगट धरतो, नवखा अंगठ्याच्या बाजूनं पकड सोडवतो, पवित्रा सावरतो, आणि पुढचं पाऊल समोरच्याच्या दोन पायांमध्ये पडल्यावरच खाली शिरतो. डोकं वर, कान बरगडीला चिकटलेला, पाठ सरळ. असं दहा वेळा. मग अदलाबदल: आता तो पट काढणार आणि तुम्ही त्याची तोड, म्हणजे बचावाचा उलट डाव, करणार, म्हणजे आपण कुठं उघडे पडतो ते समोरून दिसतं. वेग मुद्दाम कमी ठेवतात. पूर्ण वेगात शरीर जुनीच सवय वापरतं, नव्या हालचालीला वेळच मिळत नाही. दहापैकी आठ वेळा सावकाश नीट जमलं की मग वेग वाढवायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि तिच्यावर वेळ घालवणारी तालीम शोधायची आहे.

ती ओळखायची कशी? एका संध्याकाळी नुसतं कडेला बसा आणि पोरगं पडल्यानंतरची दोन मिनिटं बघा. वस्ताद काही विचारतात का? तीच पकड पुन्हा धरून दाखवतात का? की शिवी हासडून पुढची जोडी लावतात? काही ठिकाणी अजून असं चालतं, आणि मोठ्या वयाच्या नवख्याला त्यातून राग सोडून काही मिळत नाही. पडलेल्या पोराला बाकीचे हसतात का, तेही बघा. आणि जिंकलेल्याला त्याच्या चुका सांगतात का, हे तर जरूर बघा. चांगले वस्ताद जिंकलेल्याकडेही तेवढंच लक्ष देतात.

यात तालमीची एक मोठी उणीव आहे. सगळं वस्तादांच्या डोक्यात असतं, कागदावर काही नसतं. मुक्कामी पोरांना चालून जातं, ती रोज दोन वेळा डोळ्यांसमोर असतात. तुम्ही मंगळवारी पडलात आणि गुरुवारी आलात, तर मधल्या दोन दिवसांत तुमची हार तुमच्याही आठवणीत बदललेली असते. म्हणून वही ठेवा. रोज तीनच ओळी: कशानं पडलो, त्याच्या आधी काय घडलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट करून बघायची. एकच. तीन गोष्टी लिहिल्या की हौद्यात एकही आठवत नाही. ती एक गोष्ट पुढच्या तीन लढतींत धरून ठेवायची, कुस्ती जिंको वा हरो. वही तालमीतून घरी पोचल्या पोचल्या लिहायची. रात्री जेवणानंतर लिहिली तर तिच्यात सबबी जास्त येतात.

ही सवय हौद्याबाहेर नेता येते, पण ती आपोआप जात नाही, न्यावी लागते. ऑर्डर हातची गेली तर "आपला दर जास्त होता" हे उत्तर म्हणजे "ताकद कमी पडली"चाच भाऊ. मागं मागं जात विचारा: कोटेशन शेवटच्या दिवशी का गेलं, ड्रॉइंग उशिरा का आलं, ते मागायला फोन कुणी करायचा होता. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या जाणत्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कास्टिंगला ब्लोहोल (वायू अडकून पडलेली भोकं) निघाले की तो आधी वाळूची ओल तपासतो, वायू बाहेर पडायला वाट होती का ते बघतो. स्वतःच्या अपयशाला मात्र तोच माणूस "नशीब" म्हणून मोकळा होतो. तालमीत सहा महिने घालवल्यावर तसं म्हणताना जीभ अडखळते. वर्गणीत मिळणारी ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

खाशाबा जाधवांचं उदाहरण कोल्हापुरात सगळे देतात, पण बहुतेक वेळा शेवट तेवढा सांगतात: हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नवख्यानं त्याआधीची चार वर्षं बघावीत. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं १९४८ साली लंडनला गेला, तेव्हा त्याची सारी घडण मातीतली होती. गादीवरची (मॅटवरची) कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. मातीत निकाल लागतो तो पाठ टेकल्यावर; गादीवर वेळ आणि नियम दोन्ही सांभाळावे लागतात. पुढची चार वर्षं तयारीत गेली, आणि हेलसिंकीला ते वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये उतरले. त्या प्रवासासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. सहाव्या क्रमांकाकडे 'आपलं कुठं कमी पडलं' या नजरेनं बघणारा माणूस आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारं गाव, दोन्ही लागतात. तालमीत दुसरी गोष्ट अजून मिळते. नवखा पडला की पाणी आणून देणारा आणि पाठीवरची माती झाडणारा बहुतेक वेळा त्याला पाडणाराच असतो.

आता अंगाशी येणाऱ्या गोष्टी. दुखापतीच्या बाबतीत तालमींचं जुनं शहाणपण पुरतं विश्वासाचं नाही. पाय मुरगळला की लगेच तेल लावून चोळायची रीत आहे. ताज्या दुखापतीत आतून रक्त साकळत असतं, चोळल्यानं सूज वाढते. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. शेक आणि मालिश नंतर. गुडघ्यात आवाज होऊन काही तासांत सूज आली, किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा लढायला किमान नऊ महिने धरावेत. मानेतून हाताकडे मुंग्या आल्या तर त्या दिवशी लढत बंद.

मोडलेले कान ही पैलवानाची शान मानतात. कान घासून-दाबून आत रक्त साठतं, ते वेळेवर काढलं नाही की कान कायमचा वेडावाकडा होतो. ऑफिसात काम करणाऱ्याला ही शान नको असेल तर कान फुगल्यावर एक-दोन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. नायटा हौद्यात झपाट्यानं पसरतो, म्हणून लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा, कुणाचा पंचा वापरायचा नाही, लढतीनंतर लगेच आंघोळ करायची, आणि अंगावर चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत हौद्याबाहेर राहायचं. नखं कापलेली हवीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या.

खुराकाचा मोह आवरा. थंडाई, बदाम, तूप, लिटरच्या हिशेबात दूध हा दिवसातून दोन वेळा घाम गाळणाऱ्या पोरांचा आहार आहे. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्यानं तो उचलला तर वजन वाढतं आणि ते गुडघ्यांवर येतं. नेहमीच्या जेवणात एखादी वाटी उसळ, दोन अंडी किंवा एक ग्लास दूध वाढवलं तरी पुरे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिणं हा कोल्हापूरचा लाड आहे, पण न उकळलेल्या दुधातून आजार येऊ शकतात. घरी नेऊन उकळून प्या.

बायकांसाठी पेठेतल्या बहुतेक जुन्या तालमींची दारं अजून उघडलेली नाहीत, आणि ही या सेवेतली ढळढळीत त्रुटी आहे. जिल्ह्यात मुली कुस्तीत पुढं गेल्यात, मुरगूडसारख्या ठिकाणी त्यांना रीतसर प्रशिक्षणही मिळतं. पण तिशीतल्या नोकरदार बाईला ऑफिस सुटल्यावर चालत जाता येईल अशी लाल माती शहरात सहज सापडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर लहान तालमींची वर्गणी एसी जिमपेक्षा बरीच कमी असते. लागतं ते लंगोट, पंचा, वही आणि वेळ. संध्याकाळचे दोन तास धरा. एका तासात आटपून जाऊ म्हणणाऱ्यानं जिमला जावं. तालमीत कडेला बसून बघण्याचा वेळही शिकण्याचाच असतो.

नाव नोंदवायचं तर जूनमध्ये. जत्रांची मैदानं, म्हणजे गावोगावच्या जाहीर कुस्त्या, पावसाळ्यात थांबलेली असतात, थोरल्या पैलवानांवर कुस्त्यांचा ताण नसतो, आणि वस्तादांना नवख्याकडे बघायला सवड असते. जून ते ऑगस्ट खोरं, जोर-बैठका आणि पडणं. सप्टेंबरात हलक्या लढती. दिवाळीनंतर मैदानं सुरू झाली की स्वतः उतरायची घाई न करता एखाद्या गावच्या मैदानाला वही घेऊन जा आणि जो पडेल त्याची कुस्ती मागून पुढं लिहून काढा. दुसऱ्या दिवशी ती वस्तादांना दाखवा. कुठं चुकलात ते सांगतील.